कोंडा

लक्ष्मीपुरीत भाताची गिरणी सुरू झाली त्या साली
मी बारा वर्षांचा, कुलगुडे मास्तरांच्या बाटल्या धूत होतो.
महिना दीड रुपया. फुटली तर दोन आणे वजा.

मास्तर रसायन शिकवायचे, आणि कॉलेज सुटल्यावर
घोड्यांच्या जुन्या पागेत कबुतरं सांभाळायचे.
कबुतरं कासम मुजावरची, शनिवार पेठेतल्या माडीवरची,
पाखरामागं चार आणे भाडं.
सहांना गिरणीत सडलेला आजऱ्याचा घनसाळ, मोगऱ्यासारखा,
सहांना तोच, तानूबाईनं उखळात कांडलेला, तांबूस, मळका.
मला वाटायचं, पहिली सहा नशीबवान.

एकोणिसाव्या दिवशी चार नंबरच्या पाखराची मान
मागं वळली, पाठीला टेकली,
वरून कुणी हाक मारल्यासारखी.
मग पाचची. मग एकची.
कासम आला, बराच वेळ बघत राहिला.
"मास्तर, पाखरू उडायला दिलं हुतं, मरायला न्हाई."

मास्तरांनी कोंडा मागवला. तो तानूबाईच्या म्हशीचा वाटा.
"म्हसरानं काय खायाचं, तुमची पुस्तकं?"
तरी दिला, पायलीला पैसा घेऊन.
स्पिरिटात भिजवला, गाळला, आटवला.
पागेला ओल्या पोत्याचा वास, वर आंबलेल्या पिठाचा.
काळपट अर्काचे चार थेंब, चारच्या चोचीत.
मी कंदील धरून बसलो, पेंगलो, शिव्या खाल्ल्या.
पहाटे गंगावेशीकडं म्हशी निघाल्या
तेव्हा पाखरानं मान सरळ केली
आणि माझ्याकडं बघून, माफ करा, शिटलं.
मास्तरांनी वहीत वेळ लिहिली: पाच वाजून दहा.

मग म्हणाले, "आजार म्हणजे काहीतरी आत शिरतं,
असं आम्ही शिकलो. जंतू, विष.
हा आजार नसण्याचा आहे रे.
नाही ते कसं शोधायचं?"
आमच्या घरात आई नव्हती.
मला लगेच पटलं.

त्याच दिवसांत कासमची बायको जुलेखा बाळंत झाली.
कौतुकानं गिरणीचाच भात, दोन्ही वेळ, दोन महिने.
पावलं बधिर. चप्पल निसटली तरी कळेना.
माणसाला अर्क द्यायची मास्तरांची हिंमत होईना.
तानूबाईनं कोंड्याची भाकरी थापून नेली.
तिला विद्या ठाऊक नव्हती, हे इथं लिहून ठेवतो,
लोक उगाच तिला ऋषी करतात.
घरात दुसरं पीठ नव्हतं, एवढंच.
कोंड्याचा मांडा म्हणतात तो हा.
तिसऱ्या आठवड्यात जुलेखाच्या पायाला खडा टोचला,
आणि ती हसत सुटली.

अठरा पोती कोंडा संपला, तेव्हा कुठं काचेच्या बशीत
चिमूटभर, चिमूट कसली,
मुंगीच्या डोळ्याएवढं पांढरं काहीतरी.
त्याच आठवड्यात मासिक आलं, पाच महिने शिळं:
जावा बेटावर कुणीतरी ते स्फटिक आधीच धरले होते,
याहून पुष्कळ स्वच्छ.
मास्तरांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला,
कासमचं भाडं चुकतं केलं,
आणि चार नंबर त्याच्या हातात दिला.
"आता उडव."

आता माझेच तळपाय मुंग्यांनी भरतात.
शाहूपुरीतला डॉक्टर गोळ्या देतो. बाटली उघडली
की पागेचा वास येतो, साठ वर्षं जुना.
भिंग लावून वाचतो: ब-एक, ब-दोन, ब-तीन,
ब-पाच, ब-सहा, एकदम ब-बारा.
चार नाही.
विचारलं, तर डॉक्टर म्हणाला, होता पूर्वी,
पुढं यादीतून काढला.
मी बोललो नाही काही.
रंकाळ्यावर दोन फेऱ्या मारून
तो शनिवार पेठेकडं वळला होता,
मी स्वतः बघितलंय.